बस्त्याच्या दुकानात फोननं मला ओळखलं नाही

आधी कबूल करा, हसणार नाही. नाही ना? मग सांगतो. पण चहाचा घोट तोंडात असेल तर तो अगोदर गिळून टाका. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा समोर बसलेल्या मेहुण्याचा सगळा चहा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आला होता!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी गुरांचा डॉक्टर. म्हणजे होतो, आता निवृत्त. मोताळ्याला, रोहिणखेडला, कुठं कुठं नोकरी केली आणि शेवटी मलकापुरात घर बांधून बसलो. आयुष्यात मला गर्व दोनच गोष्टींचा. पहिली माझी सही. बैल विकायचाय? दाखल्यावर माझी सही. म्हैस मेली? विम्याच्या कागदावर माझी सही. सहीच्या शेवटी मी अशी लांबलचक शेपटी काढायचो की बघणाऱ्याला वाटावं, आता ही माशा हाकलणार. रोहिणखेडचे लोक म्हणायचे, "डॉक्टरसाहेबाची सई पाह्यली का मेलेली म्हैस बी उठून बसते."

दुसरी गोष्ट माझे दात.

आता हे जरा हळू आवाजात. दात माझे नाहीत. वर-खाली पूर्ण कवळी आहे. पण बसवणाऱ्यानं इतकी बेमालूम बसवली की विचारू नका! आमची मंगला आणि दोन पोरं सोडली तर कोणाला पत्ता नव्हता. रात्री काढायची, सकाळचा चहा होईपर्यंत ती मोरीजवळ स्टीलच्या वाटीत, पाण्यात. तोवर दारावर साक्षात कलेक्टर आला तरी मी बाहेर पडत नाही.

एवढं गुपित कशाला, असं तुम्ही म्हणाल. अहो, गुपित आधी नुसतं हौसेचं होतं. ते जिवावर बेतलं आमच्या पल्लवीचं लग्न ठरलं तेव्हा.

इवाई, म्हणजे तुमच्या भाषेत व्याही, वरवट बकालचे शेषराव पाटील. शेती मोठी, आवाज त्याहून मोठा आणि बैलांचा नाद सगळ्यात मोठा. बैलाचा जबडा उघडून एकदा आत पाहिलं की हा दोनदाती, हा चारदाती, हा जुळलेला, असं वय सांगून मोकळे. सोयरीक जमली तेव्हा त्यांनी आम्हाला शेतात रोडग्यांच्या जेवणाला बोलावलं. रोडगे ठाऊक आहेत ना? गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे. बाहेरून दगड! मी आपला जीव मुठीत धरून, बाजूच्या दाढेनं, कडाकडा चावत होतो.

शेषराव माझ्याकडे बघतच राहिले. "वा डॉक्टरसाहेब! या वयात असे दात? असली हायेत का?"

आता खरं सांगायची हीच वेळ होती. पण तोंडात रोडगा, डोक्यात मस्ती.

"हाव! देवानं देले तेच. एक बी हालला नाई अजून."

मंगलाला असा ठसका लागला की पाणी पाजावं लागलं.

आणि मग शेषरावांनी ती गोष्ट सांगितली. कोण्या एका दोस्तानं त्यांना चारदाती म्हणून म्हातारा बैल गळ्यात मारला होता. "बैल तं वापस केलाच," शेषराव म्हणाले, "पन त्या मानसाचं तोंड नाई पाह्यलं मंग. त्याच्या पोराच्या लग्नाले बी गेलो नाई. डॉक्टरसाहेब, मले सारं खपते, खोटं खपत नाई!"

माझ्या घशात रोडगा अडकला. म्हणजे दाताच्या खोटेपणावरून दोस्ती तोडणारा माणूस, आणि मी त्याच्याच शेतात, त्याचाच रोडगा खात, दाताबद्दलच खोटं बोललेलो! आता एकच मार्ग होता. अक्षता पडेपर्यंत तोंड सांभाळायचं.

इथवर बेत ठीक होता. मग माझ्या आयुष्यात फोन आला.

आमचा निखिल पुण्याला नोकरीला असतो. तिकडं गेल्यापासून 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलतो. घाबरला की मात्र गाडी मलकापूर स्टेशनवर येते. तर तो सुट्टीला आला आणि त्यानं मला नवा फोन दिला. "बाबा, आता कार्ड नको, रोख नको. दुकानातल्या मशीनला फोन नुसता जवळ न्यायचा. झालं!"

जायच्या दिवशी भल्या सकाळी, गाडीची वेळ झालेली असताना त्याला आठवलं की फोनला माझी ओळख करून द्यायची राहिली. आधी बोटाचा ठसा घ्यायला लागला. पण गुरांच्या औषधांत आणि फिनाईलमध्ये ज्याचा जन्म गेला त्याच्या बोटावर रेघा कुठून उरणार? फोन नाहीच म्हणे. मग निखिल म्हणाला, "राहू दे, चेहरा घेतो. बाबा, इकडं बघा. आता डावीकडं. आता उजवीकडं." मी पांघरुणातून उठलेला, तोंडसुद्धा न धुतलेला. फोननं मला पाहिलं, मी फोनला पाहिलं आणि दोघांनाही पसंत पडलं.

फोनची पहिली परीक्षा पेट्रोल पंपावर. मशीनला फोन लावला. टुंग! पोरगा म्हणाला, "झालं काका, निघा."

"अन् सई कुठी करू?"

"कायची सई?"

"पैशाची!"

"पैसे तं आले ना, काका."

"पन ते मीच देल्ले, याचा पुरावा काय?"

"काका, मांगं लाईन लागून राह्यली!"

मी हबकलो! अहो, एका कोंबडीच्या दाखल्यावर मी तीन ठिकाणी सह्या केल्यात, आणि इथं माझ्या खात्यातून पैसे जातात आणि मला कोणी "तू कोण?" असंही विचारत नाही? घरी येऊन निखिलला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, लहान रकमेला विचारत नाही. रक्कम मोठी असली की फोन आधी तुमची खात्री करून घेतो. तुमचा चेहरा बघतो. नाहीतर गुप्त आकडा विचारतो, तो मी तुमच्या वाढदिवसाचा ठेवलाय."

"अन् सई?"

"सही कोणी बघत नाही आता, बाबा."

हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. त्या दिवशी मी वर्तमानपत्राच्या कडेला उगाचच सह्या करत बसलो होतो.

मग आला बस्ता. बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी. दोन्हीकडची मंडळी एका दुकानात बसतात आणि कोणी काय घ्यायचं हे ठरलेलं असतं. नवरदेवाचे कपडे आणि ईनबाईंची, म्हणजे विहीणबाईंची, मानाची साडी आमच्याकडून. त्यात इवायानं एक रुपया जरी घातला तरी संपलं. जन्मभर ऐकावं लागतं.

दुकान आमच्या ओळखीचं, अन्सारभाईंचं. गादीवर इकडे मी, मंगला, पल्लवी. तिकडे शेषराव आणि ईनबाई. मी खिशात फक्त फोन घेऊन आलो होतो. मुद्दाम! म्हटलं, इवायाला दाखवू, गुरांचा डॉक्टर असला तरी जमान्याच्या पुढं आहे. मंगलानं निघताना विचारलंसुद्धा, "अहो, थोडे पैसे तरी ठेवा सोबत." मी हसलो. काय हसलो! सगळे दात दाखवून हसलो.

ईनबाईंना एक जांभळी पैठणी आवडली. दुकानात तसली एकच होती, आणि नांदुऱ्याची दुसरी पार्टी शेजारीच बसून तिच्याकडं डोळे लावून होती. अन्सारभाईंनी माझ्या कानात हिशेब सांगितला. आकडा मी सांगत नाही, मंगलाला अजून नीट ठाऊक नाही. मी आरामात फोन काढला, शेषराव बघताहेत याची खात्री केली आणि मशीनला लावला.

टुंग नाही. फोनवर एक गोल आला आणि गोलात माझं तोंड. खाली अक्षरं: चेहरा जुळत नाही.

"जुळत नाई म्हंजे?" मी म्हणालो.

"चष्मा काढा साब," अन्सारभाई म्हणाले.

चष्मा काढला. चेहरा जुळत नाही. टोपी काढली. चेहरा जुळत नाही. ट्यूबलाइटखाली गेलो, दारात उन्हात गेलो, केस विंचरले. नाही! दुकानातली गिऱ्हाइकं आता साड्या सोडून मला बघायला लागली. सल्ले सुरू झाले.

"काका, जरा हसून पाहा."

हसलो. फोननं थरथरून नकार दिला. गंमत बघा, मी जितका छान हसायचो तितका तो जोरात नाही म्हणायचा!

"तोंड वाकडं करू नका, साधे राहा," दुसरी एक बाई म्हणाली.

"साधाच हाये मी!" मी ओरडलो.

नांदुऱ्याच्या पार्टीतली एक बाई शेजारणीच्या कानात म्हणाली, पण कुजबुज म्हणावी अशी ती नव्हती: "फोन चोरीचा तं नाई ना व माय?"

सांगा, काय वाटलं असेल मला? ज्या माणसाच्या सहीवर तालुक्यातले बैल इकडचे तिकडे गेले, त्याला स्वतःचा फोन म्हणतो, तू तो नव्हेस!

"आकडा टाका ना, बाबा," पल्लवी म्हणाली. "दादानं वाढदिवस ठेवला म्हणे."

वाढदिवस! आता इथं माझी दुसरी पंचाईत. आमच्या पिढीला वाढदिवस दोन. एक शाळेतल्या गुरुजींनी दिलेला, एक जून. सगळ्या वर्गाचा एकच. दुसरा खरा, तो आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. मी एक जून टाकला. चूक. मंगला म्हणाली, "अहो, पोरं तं करीले करतात तुमचा वाढदिवस."

"अन् कर कोन्या तारखेले येते?"

"यंदाची सांगू का मागच्या सालची?"

दोन्ही टाकून पाहिल्या. फोननं आकडा विचारणंच बंद केलं. म्हणे, थोड्या वेळानं प्रयत्न करा, तोवर चेहरा दाखवा.

मी अन्सारभाईंचा हात धरला. "अन्सारभाई, तुमी मले वळखता ना? तुमच्या बकऱ्या कोनं वाचवल्या? कागद आना, कुठी पाह्यजे तिथं सई करून देतो!"

"साब, आपको तो पूरा तालुका पहचानता है," अन्सारभाई अगदी अदबीनं म्हणाले. "मी तुमच्या सईवर दुकान देईन. पन हे मशीन सईकडे पाह्यतच नाई ना! तुमी साडी घेऊन जा, पैसे मंग येतीन."

उधारीवर? मानाची साडी? इवायाच्या देखत? मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नेमका त्याच वेळी शेषरावांचा हात बंडीच्या आतल्या खिशाकडं गेला.

"थांबा डॉक्टरसाहेब, मी देतो. कायले जीव जाळता?"

"नाई!" मी असा ओरडलो की नवरदेवाचा सफारी कापणाऱ्याची कात्री थांबली. "तुमाले माह्या गळ्याची शपथ हाये, पाटील! हात भायेर काढा!"

आणि तेवढ्यात फोन वाजला. निखिल! पल्लवीनं त्याला मगाशी निरोप धाडला होता. माझी एक खोड तुम्हाला ठाऊक आहे, मी फोन कानाला लावतच नाही. सरळ मोठ्या आवाजावर टाकतो. टाकला.

"बाबा!" निखिल घाबरलेला, म्हणजे गाडी मलकापूर स्टेशनवर आलेली. "बाबा, कवळी काढा!"

सगळ्या दुकानाच्या माना माझ्याकडं वळल्या.

"कोनाची कवळी?" मी म्हणालो.

"तुमची! वरची-खालची दोन्ही! त्या दिवशी सकाळी चेहरा घेतला तवा ते वाटीत होती ना! फोननं तुमाले बोळकं पाह्यलं हाये, बाबा! बोळकं झाल्याबिगर तो वळखनार नाई!"

"राँग नंबर," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

लगेच परत वाजला. पडद्यावर ठळक अक्षरात निखिल, वर त्याचा हसरा फोटो, आणि त्या फोटोत त्याच्या खांद्यावर हात टाकून मी. सगळ्यांनी फोटो पाहिला. मग सगळ्यांनी मला पाहिलं. माझी हिंमत होत नव्हती, पण नजर गेलीच शेषरावांकडं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. बैलाच्या बाजारात बघतात तसं.

संपलं, मी मनात म्हटलं. आता हा माणूस उठणार, जोडा घालणार आणि माझ्या पोरीचं लग्न या गादीवर मोडणार. आणि कशावरून? दातावरून! पल्लवीकडं पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले. ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "काढा ना, बाबा. आता सगळ्यांना कळलंच आहे."

लेकीपुढं काय चालतं हो? मी भिंतीकडं तोंड केलं. मंगलानं आडोशाला एक साडी धरली, ती नेमकी जाळीची. रुमालात दात काढले, वळलो आणि फोन समोर धरला.

त्या गधड्यानं पापणी लवायच्या आत ओळखलं! हिरवी खूण, टुंग, आणि मशीनमधून चिठ्ठी सरसरत बाहेर.

सवय बघा माणसाची. इज्जतीचा चुराडा झालेला, गाल आत गेलेले, हातात रुमाल, रुमालात दात, आणि मी अन्सारभाईंना काय विचारावं?

"शई कुथी कलू?"

बस! नांदुऱ्याची पार्टी गादीवर आडवी झाली. अन्सारभाई गल्ल्याखाली काहीतरी शोधायला लागले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

फक्त शेषराव हसले नाहीत. ते उठले, माझ्यासमोर येऊन बसले. मी हात जोडले. "पातील, चुकलो. खोतं बोललो. पोलीवल लाग काधू नका."

"आधी दात घाला," ते म्हणाले. "समजून नाई राह्यलं."

घातले. पुन्हा तेच म्हणालो.

"डॉक्टरसाहेब," शेषराव म्हणाले, "मी जलमभर दात पाहून वय सांगतो. त्या दिवशी रोडगा खाताना तुमचे दात पाह्यले. त्याच्यावरून तुमचं वय निंगालं पंचवीस. अन् तुमची पोरगी हाये सव्वीसची! मले तवाच समजलं."

"तवाच? मंग... मंग सोयरीक काऊन नाई मोडली?"

"मोडतो कायले? ज्यानं मले बैलात फसवलं त्याचं खोटं मले सहा मयने समजलं नोतं. तुमचं तं घास गिळाच्या आधी समजलं! वरून तुमच्या मंगलाबाईले ठसका. मी घरी येऊन बायकोले म्हनलं, हे घर बरं हाये. या लोकायले खोटं बोलता येतच नाई, आपल्याले काई धोका नाई."

ईनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मान डोलावली.

म्हणजे बघा! मी इतके दिवस जीव मुठीत धरून, चिक्की नाही, भुट्टा नाही, पोटभर हसणं नाही, आणि ज्याच्यापासून लपवलं त्याला पहिल्या घासापासून ठाऊक! मला हुश्श व्हावं की लाज वाटावी तेच कळेना. दोन्ही झालं. पल्लवी तर रडता रडता हसायला लागली, आणि ते पाहून मीही हसता हसता डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

लग्न थाटात झालं. जांभळी पैठणी नेसून ईनबाई मिरवल्या.

आता तुम्ही विचाराल, फोनमध्ये नवा चेहरा का नाही घातला? घालणार आहे. निखिल आला की घालणार आहे. मला एकट्याला ते जमत नाही, कारण चेहरा बदलायचा तर फोन म्हणतो, आधी जुना चेहरा दाखवा; आणि तो दाखवून मी दात घालेपर्यंत फोन परत बंद होतो.

तोवर बारीकसारीक खरेदीला अडचण नाही. पण परवा पंखा घ्यायला बाजारात गेलो, तिथं रक्कम मोठी झाली. दुकानदार माझ्या ओळखीचा नाही, मी त्याला आयुष्यात पाहिलेलं नाही. मी फोन काढला, तसा तो उठून उभा राहिला.

"डॉक्टरसाहेबच ना तुमी? या, या, बसा!"

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, फोन ओळखो न ओळखो, मलकापुरात अजून आपलं नाव आहे. मी सवयीनं खिशातला पेन काढला.

"सईची गरज नाई, साहेब," तो अगदी आदरानं म्हणाला. त्यानं मशीन माझ्यापुढं सरकवलं, आणि मशीनच्या शेजारी स्वच्छ घासलेली, पाण्यानं भरलेली एक स्टीलची वाटी ठेवली.